आपल्या घरांतील पाककृती व मुलांचा हातभार

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदाच्या अंकासाठी इतिहासविषयक लेख द्यावा अशी सूचना आम्हांस केली, तेव्हा शहापूर-मुरबाडच्या इतिहासाची नेहमीची प्रकरणे प्रथम डोळ्यांपुढे आली. १६३६ साली शहाजीराजे ज्या किल्ल्यात शत्रूच्या वेढ्यास तोंड देत राहिले तो माहुली किल्ला आपल्या शहापूर तालुक्यातला. सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख असलेल्या नाणेघाटाची वाट मुरबाड तालुक्यातील वैशाखऱ्यावरून चढते. या दोहोंविषयी जाणत्यांनी पुष्कळ लिहिले आहे व पुढेही लिहितील. आम्ही यंदा त्याहून घरगुती विषय घेतला आहे. आपल्या घरांत चुलीवर काय शिजत असे, ते शिजविण्याची विद्या एका पिढीकडून दुसरीकडे कशी जात असे, आणि त्या कामी घरातील लहान मुलांचा वाटा काय होता, हा तो विषय होय. विषय लहान दिसला तरी त्यात आपल्या प्रत्येक कुटुंबाचा लाभ व हानी गुंतलेली आहे, असे आमचे नम्र मत आहे.

प्रथम ग्रंथांचा विचार करू. महाराष्ट्राला पाकशास्त्रावरील लेखनाची परंपरा नाही असे नाही. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात राजाच्या पाकशाळेतील अनेक पदार्थ वर्णिले आहेत. सतराव्या शतकातील रघुनाथ गणेश नवहस्त यांचा ‘भोजनकुतूहल’ हा ग्रंथही अभ्यासकांना परिचित आहे. मराठीत छापील पुस्तके आली ती एकोणिसाव्या शतकात. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ साली निघाले. १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ प्रसिद्ध झाले आणि १९७० साली आलेल्या कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने तर घरोघरी स्थान मिळविले. ही सर्व पुस्तके आदरास पात्र आहेत. परंतु आमच्या बालपणी आमच्या पाड्यावर यांपैकी एकही पुस्तक नव्हते आणि असते तरी ते वाचणारी स्त्री दहा घरांत एखादीच सापडली असती. मग आपल्या आया-आज्यांची विद्या कोठे साठविलेली होती? ती मुलांच्या हातांत साठविलेली होती.

हे कसे, ते समजण्यासाठी आपल्या मुलखाची शेती ध्यानात आणावी लागेल. सह्याद्रीच्या पायथ्याचा हा प्रदेश भाताचा. वरकस जमिनीवर नाचणी व वरी, आणि भात कापल्यावर खाचरात उरलेल्या ओलीवर वाल व हरभरा. उन्हाळ्यात राब भाजावयाचा, मृगात पेरणी, आषाढात आवणी, दिवाळीच्या सुमारास कापणी व मग झोडणी. आवणीच्या दिवसांत घरातील प्रत्येक धडधाकट माणूस चिखलात उभा असे. आठ-दहा वर्षांचे मूल आवणीस पुरेसे उपयोगी पडत नसे, म्हणून ते घरी राही, आणि घरी राहिलेल्याने दुपारची पेज अथवा भात शिजवून बांधावर नेऊन द्यावयाचा, हा शिरस्ता होता. मुलांनी स्वयंपाकात हातभार लावणे ही आपल्याकडे हौसेची बाब नव्हती. ती गरज होती, आणि त्या गरजेतूनच शिक्षण घडत असे.

या शिक्षणास वयाप्रमाणे पायऱ्या होत्या. पाच-सहा वर्षांचे मूल सुपातील तांदळांतून खडे वेचीत असे, लसूण सोली, मोड आलेले वाल सोलावयास आजीभोवती बसे. सात-आठ वर्षांचे मूल रोवळीत तांदूळ धुई, पाट्यावरील वाटण गोळा करी, चुलीत फुंकणीने जाळ धरी. नवव्या-दहाव्या वर्षी आधणात तांदूळ वैरण्याची परवानगी मिळे. तांदळाच्या पिठाची उकड मळणे, काटवटीत भाकरी थापणे व ती न मोडता तव्यावर टाकणे हे सर्वांत शेवटचे. ज्याची भाकरी तव्यावर फुगली त्याचे कौतुक चार घरांत होई. परीक्षा कोणी घेत नसे, परंतु वरच्या इयत्तेत चढल्याचा आनंद मात्र खरा असे.

मुलगे या शिक्षणातून सुटले होते असे कोणी समजू नये. आजच्या पिढीस ठाऊक नसलेली एक गोष्ट येथे स्पष्टपणे लिहितो, कारण इतिहास लिहावयाचा तर संकोच धरून चालत नाही. त्या काळी घरातील बाई महिन्याचे चार दिवस बाजूला बसत असे व चुलीस तिचा हात लागत नसे. घरात दुसरी बाई नसली, तर स्वयंपाक मुलांकडे येई. आमच्या आईने ओटीच्या कोपऱ्यात बसून आम्हांस भात शिजविण्यास शिकविले, ते असे. “आधण आलं का बघ. आता तांदूळ वैर. बोटाच्या दुसऱ्या पेरापर्यंत पाणी राहू दे. फेस वर आला की झाकण काढ.” ती चूल पाहू शकत नव्हती, म्हणून तिला प्रत्येक क्रिया शब्दांनी सांगावी लागे, आणि आम्हांस जे दिसे ते शब्दांनीच परत सांगावे लागे. ती चाल गेली हे फार चांगले झाले. ती पुन्हा यावी असे कोणी म्हणणार नाही. परंतु त्या चार दिवसांत आमच्यासारख्या अनेक मुलग्यांना जे आले, ते आयुष्यभर उपयोगी पडले, हेही खरे आहे.

ते किती उपयोगी पडले याची साक्ष मुंबईच्या चाळी देतील. रेल्वे १८५५ साली वासिंदपर्यंत व १८६१ साली कसाऱ्यापर्यंत आली, आणि शहापूर तालुक्यातील माणसास मुंबईची वाट मोकळी झाली. मुरबाडकरांना मात्र कल्याण गाठण्यासाठी प्रथम बैलगाडीवर व पुढे मोटारीवर विसंबावे लागले. पोटासाठी गिरण्यांत व गोद्यांत गेलेले आपले ज्ञातिबांधव एकेका खोलीत आठ-दहा जण राहत. ज्यांना लहानपणी चूल ठाऊक झाली होती ते पाळीपाळीने शिजवून खात व पैसा गाठीस लावीत. इतरांना खाणावळ धरावी लागे. खाणावळी चालविणाऱ्या अशाच कष्टकरी बायकांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापिले, हा महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासातील गौरवाचा भाग आहे. १९८२ च्या जानेवारीत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला व पुढे पुष्कळ जण गावी परतले. त्यांतील काहींच्या हाताला मुंबईची चव लागली होती. आपल्या गावांत तोवर क्वचित होणारे पदार्थ त्यांच्याबरोबर आले.

आता या परंपरेचा ऱ्हास कसा झाला, ते पाहू. गावात वीज व पिठाची गिरणी आली आणि जाते भिंतीस लागले. उखळ-मुसळ गेले. यात दुःख करण्यासारखे काही नाही. जात्यापाशी पहाटे चार वाजता बसणारी आई कोणत्या कष्टातून सुटली, ते ज्यांनी पाहिले आहे ते जात्याचे गोडवे गाणार नाहीत. परंतु ऱ्हासाचे एक कारण आमच्यासारख्या शिक्षकांच्या पदरी पडते, आणि ते कबूल करणे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

आम्ही १९७४ साली मॅट्रिक झालो, पुढे शिक्षकाचे शिक्षण घेतले आणि अडतीस वर्षे प्राथमिक शाळांत काढली. आवणीच्या दिवसांत पटावर चाळीस मुले असली तरी वर्गात पंधरा दिसत. विशेषतः मुली येत नसत. धाकटे भावंड सांभाळणे व पेज शिजविणे हे त्यांच्याकडे असे. आम्ही घरोघर फिरून पालकांस बजावीत असू, “पोरांना चुलीपासून दूर ठेवा, पाटी-पुस्तक हाती द्या.” उशिरा आलेल्या मुलीच्या हातास राख लागलेली दिसली की आम्ही तिला सर्वांदेखत बोलत असू. मुलींना शाळेत आणण्याचा आमचा हेतू योग्यच होता, आणि त्या शिकल्या म्हणून आज आपल्या ज्ञातीत परिचारिका, शिक्षिका व अधिकारी झालेल्या भगिनी दिसतात. चूक झाली ती निराळी. मुलांवरील ओझे काढताना त्या ओझ्याबरोबर असलेली विद्याही आम्ही फेकून दिली, आणि हाताच्या कामाविषयी एक तुच्छता मुलांच्या मनात आमच्याच शब्दांनी पेरली.

खेदाची गोष्ट अशी की, याविषयीचा योग्य विचार त्या वेळच्या आपल्याच जिल्ह्यात चालू होता. मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ साली रोम शहरात आपले बालगृह उघडले, तेव्हापासून पाणी ओतणे, निवडणे, पुसणे, वाढणे अशा घरगुती क्रियांना त्यांनी बालशिक्षणात स्थान दिले होते. गांधीजींच्या प्रेरणेने ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे जी शिक्षण परिषद भरली, तीतून नयी तालीम पुढे आली. सेवाग्रामच्या शाळेत रसोड्याचे काम हा अभ्यासाचा भाग होता. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे व १९५७ पासून कोसबाड येथे अनुताई वाघ यांच्यासह जे कार्य केले, ते तर आपल्या शेजारचे. बोर्डी व कोसबाड ही गावे २०१४ पासून पालघर जिल्ह्यात मोडतात, परंतु तेव्हा ती ठाणे जिल्ह्यात होती. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात व गुरे चरतात त्या कुरणात जावे, असा त्यांचा मार्ग. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले. आम्ही हे सर्व परीक्षेसाठी पाठ केले आणि वर्गात मात्र त्याच्या उलट वागलो.

या चुकीचा फटका आम्हांस स्वतःच्या घरी बसला. आमची आई श्रावणात तवशाची पानगी करीत असे. तवसे किसावयाचे, तांदळाच्या भरड पिठात गूळ घालून ते कालवावयाचे, हळदीच्या पानावर थापून वरून दुसरे पान ठेवावयाचे व तव्यावर झाकण घालून भाजावयाचे. आई जाऊन एकोणीस वर्षे झाली. तिच्या पश्चात पहिल्या श्रावणात आम्ही भावंडे जमलो व पानगी करू लागलो, तेव्हा असे आढळले की, थोरल्या बहिणीस तवसे किसून मीठ लावणे व त्याचे पाणी राखून ठेवणे ठाऊक आहे, कारण लहानपणी ते तिचे काम होते. आम्हांस पाने पुसणे व तव्याखालचा जाळ मंद ठेवणे ठाऊक आहे, कारण ते आमचे. परंतु मधले जे कालविणे, त्यात पीठ किती, ते पाणी किती, आणि कालवल्यावर किती वेळ झाकून ठेवावयाचे, हे कोणासच ठाऊक नव्हते. ते काम धाकट्या भावाचे होते. त्यास हुशार म्हणून आम्हीच अभ्यासाला बसविले होते व चुलीपाशून उठविले होते. त्या दिवशी झालेली पानगी पानास चिकटली. पुढेही अनेकदा करून पाहिली. खाण्याजोगी होते, आईची होत नाही.

एका घरातील एका पदार्थाचे नष्ट होणे हे इतिहासाच्या मानाने क्षुल्लक वाटेल. परंतु काही ज्ञान असे आहे की ते गेल्यास अपाय होतो. पहिल्या पावसाबरोबर आपल्या रानांत येणारी शेवळाची भाजी घ्या. ती नीट साफ केली नाही व तीत काकडाची फळे किंवा चिंचेसारखे आंबट घातले नाही, तर घशाला खाज सुटते. शेवळात सुईसारखे बारीक स्फटिक असतात व ते घशात टोचतात, हे आता शास्त्राने सांगितले. आपल्या आज्यांना कारण ठाऊक नव्हते, पण उपाय ठाऊक होता, आणि तो त्यांनी नातवंडांस शेजारी बसवून दाखविला. अशी भाजी केवळ ऐकून करता येत नाही. नाचणीचेही तसेच. गरिबाचे धान्य म्हणून आपण तिला मागे सारले. आता १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते असे आहारतज्ज्ञ सांगतात, आणि संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले. धान्याचा मान परत आला, परंतु ते रांधणारे हात घरात उरले आहेत काय?

म्हणून आमची ज्ञातिबंधुभगिनींस विनंती आहे की, सुटीच्या दिवशी तरी मुलास व मुलीस, दोघांनाही, स्वयंपाकघरात बोलवावे. विस्तव, उकळते तेल व विळी वडील माणसांच्या हाती ठेवावी. बाकीचे मुलांवर सोपवावे. सुरुवातीस पुढील चार पदार्थ आम्ही सुचवितो. ते आपल्या घरांतील आहेत व सोपे आहेत.

पहिला, दडपे पोहे. यास मुलांनी विस्तवाजवळ जावयाचे कारण नाही. तीन वाट्या पातळ पोहे मुलांनी निवडून चाळावे. त्यांत एक वाटी खोवलेले ओले खोबरे, एक बारीक चिरलेला कांदा, मीठ, चिमूटभर साखर, अर्ध्या लिंबाचा रस व कोथिंबीर घालून हाताने कालवावे. नारळाचे पाणी शिंपडून ते दडपून पंधरा मिनिटे झाकून ठेवावे. वरून मोहरी, हिंग, हळद व मिरचीची फोडणी वडिलांनी घालावी.

दुसरा, नाचणीची आंबील. चार मोठे चमचे नाचणीचे पीठ रात्री एक वाटी पाण्यात मुलांनी कालवून ठेवावे. गुठळी राहू न देणे हीच त्यांची परीक्षा. सकाळी तीन वाट्या पाण्यास उकळी आणून वडिलांनी त्यात ते पीठ ओतावे व सतत ढवळीत सात-आठ मिनिटे शिजवावे. निवल्यावर मुलांनी ताक, मीठ व जिऱ्याची पूड घालून घुसळावे.

तिसरा, वालाचे बिरडे. यास तीन दिवस लागतात, आणि मुलांस धीर शिकविण्याचा याहून चांगला पाठ आम्हांस ठाऊक नाही. दोन वाट्या कडवे वाल सकाळी भिजत घालावे, रात्री उपसून फडक्यात घट्ट बांधावे. मोड चांगले आले म्हणजे कोमट पाण्यात टाकून सर्वांनी मिळून सोलावे. अंगठ्याने हलकेच दाबताच डाळिंबी सालीतून निसटते. आमच्या लहानपणी कोणाच्या वाटीत अधिक, यावर पैज लागे. पुढे लसणाच्या फोडणीत हळद व तिखट घालून मंद आचेवर बेताच्या पाण्यात शिजवावे. गूळ व आमसूल डाळिंबी शिजल्यावरच घालावे. आंबट आधी घातल्यास ती कडक राहते. हे कारणही मुलांस सांगावे.

चौथा, पातोळी. नागपंचमीस चिरणे, तळणे व तवा ठेवणे वर्ज्य मानणाऱ्या घरांत हा वाफेवरचा पदार्थ होतो. दोन वाट्या तांदळाचे पीठ, मीठ व कोमट पाणी यांचे दाटसर मिश्रण मुलांनी हळदीच्या धुतलेल्या पानावर बोटांनी पातळ सारवावे. दोन वाट्या खोबरे व एक वाटी गूळ शिजवून केलेले सारण अर्ध्या भागावर पसरावे, पान दुमडावे व मोदकपात्रात पंधरा मिनिटे वाफवावे. पान सोलताना जो सुवास सुटतो, तो ज्याने लहानपणी घेतला तो श्रावण विसरत नाही.

एक सूचना आणखी. पदार्थ झाल्यावर मुलाकडून त्याची कृती वहीत लिहून घ्यावी आणि आजीने सांगितलेली मापे, मूठभर असो वा ओंजळभर, तिच्याच समोर वाटीने मोजून लिहावी. आज आपल्या ज्ञातीत सत्तरी-ऐंशी ओलांडलेल्या अनेक माता आहेत. त्यांच्यापाशी जे आहे ते अजून मागता येते. आमच्या आईपाशी जे होते ते मागावयाचे राहून गेले. संस्थेने पुढील स्मरणिकेत घरोघरच्या अशा कृतींस चार पाने राखून ठेवावी, अशी संपादक मंडळास विनंती आहे.

गेल्या श्रावणात आमची नऊ वर्षांची नात व सात वर्षांचा नातू यांना घेऊन आम्ही पुन्हा पानगी केली. या वेळी कालविण्याचे काम दोघांकडे दिले व प्रत्येक खेपेस पिठाचे माप नातीने वहीत टिपले. तिसऱ्या खेपेस पानगी पानास चिकटली नाही. थोरल्या बहिणीने चव पाहिली व म्हणाली, “आईची नाही, पण आपली झाली.” वहीत ते माप लिहिलेले आहे. येत्या श्रावणात मुले ते आमच्यावाचून करतील, अशी आम्हांस आशा आहे.